पीएच बदलला की पीएच ओळखणाऱ्या सेन्सरमधल्या जेलचा रंग कसा बदलतो? आत डाय असतो का?

नाही हो, डाय नसतो, निदान ह्या प्रकारात तरी नाही. जेलच्या आत पॉलिस्टायरीन ह्या प्लास्टिकचे 100-200 नॅनोमीटरचे मणी एकसारख्या अंतरावर अडकवलेले असतात आणि कुठला रंग परत फिरणार ते त्या अंतरावर ठरतं, मोरपिसासारखंच. जेलच्या साखळ्यांवर कार्बोक्झिल ग्रुप (ॲसिडसारखे वागणारे अणूंचे गट) असतात, पीएच साधारण 4-5 च्या वर गेला की ते प्रोटॉन सोडून निगेटिव्ह होतात, मग पाणी आत घुसतं, जेल फुगतं, मण्यांमधलं अंतर वाढतं न् रंग लालकडे सरकतो. ॲसिड टाकून पीएच उतरवला की जेल आक्रसतं, रंग निळ्याकडे.

पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीच्या सॅनफर्ड ॲशर यांच्या ग्रुपने 1997 मध्ये अशाच जेलवर शिसं आणि ग्लुकोज ओळखून दाखवलं होतं, पीएचवाले त्याच घराण्यातले.

घरी बघायचंय? डायपरमधली पावडर पाण्यात फुगवा आणि वर लिंबू पिळा, फुगलेला गोळा आक्रसून बसतो (रंग नाही हं दिसणार). पण मीठ टाकलं तरी बसतो, आणि हीच खरी डोकेदुखी आहे, सेन्सरला ॲसिड कुठलं न् मीठ कुठलं कळत नाही, म्हणून खारटपणा आधी एकसारखा ठेवावा लागतो. शिवाय जाड जेल फार स्लो, जाडी निम्मी केली तर वेळ साधारण पावपट होतो.