सात नंबर कधी 150, कधी 125! : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार, वय 46, तीन वर्षं झाली गोल्फ खेळतोय, हँडिकॅप 22 (आकडा जितका मोठा तितका खेळाडू कच्चा). सात नंबरच्या आयर्नने (गोल्फच्या काठीने, म्हणजे क्लबने) मला पार वैताग आणलाय. एक शॉट 150 यार्ड जातो, पुढचाच 125, आणि मला तर दोन्ही वेळा स्विंग अगदी सारखाच वाटतो. परवा ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) पुढे बंकर होता, पिन (होलचा झेंडा) 145 वर, सात घेतला तर बॉल सरळ वाळूत. पुढच्या होलला तेवढंच अंतर होतं म्हणून घाबरून सहा घेतला (आकडा लहान तितका क्लब लांब मारतो), जरा जोरातच मारला, तर ग्रीनच्या मागे झाडीत. नवीन सेट घेऊ का? की अजून जोर लावायला शिकू?

उत्तर : सेट राहू द्या आणि जोर तर अजिबात वाढवू नका, आत्ता आहे तोच जरा जास्त आहे असं मला वाटतंय.

आधी एक सांगा, हा 150 चा आकडा आला कुठून? बहुतेक एखाद्या दिवशी वारा पाठीमागून होता, बॉल मस्त बसला, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) सुकलेला होता म्हणून पुढे घरंगळला, आणि तेव्हापासून "माझा सात 150 जातो" हे डोक्यात पक्कं झालं. सगळ्यांचं असंच असतं हो. 1971 मध्ये अॅलन शेपर्डने चंद्रावर सहा नंबरच्या आयर्नचं डोकं जोडलेल्या दांड्याने दोन बॉल मारले आणि दुसरा मैलोन्‌मैल गेला म्हणून सांगितलं, नंतर फोटो तपासून मोजलं तर तो 40 यार्डांच्या आसपास निघाला. अर्थात अंगात अंतराळवीराचा सूट आणि एका हाताने स्विंग, त्यामुळे त्याला माफ आहे, आपल्याला नाही.

तर रेंजवर (सरावाच्या मैदानावर) 20 बॉल मारा आणि प्रत्येकाची कॅरी लिहून ठेवा, म्हणजे बॉल पहिल्यांदा जमिनीला टेकला तिथपर्यंतचं अंतर, पुढचं घरंगळणं धरायचं नाही. सगळ्यात लांबचे तीन आणि सगळ्यात जवळचे तीन काढून टाका, उरलेल्या 14 ची सरासरी हा तुमचा सात नंबर. माझा अंदाज, तो 138 च्या आसपास येईल. तसं असेल तर 145 ला तो क्लब पहिल्यापासूनच कमी पडत होता, त्यात स्विंगचा काही दोष नाही. आणि समोर बंकर असेल तर सरासरी सुद्धा विसरा, त्या 14 मधला सगळ्यात आखूड शॉट बंकर पार करतो का ते बघून क्लब काढा.

आता मूळ दुखणं. स्विंग सारखा वाटतो आणि 25 यार्डांचा फरक पडतो, याचा अर्थ बॉल फेसवर (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर) दर वेळी वेगळ्या जागी लागतोय. पायाला मारायचा पावडरवाला स्प्रे मिळतो ना, तो फेसवर हलकासा मारा आणि दहा बॉल मारा, प्रत्येक बॉलचा गोल ठसा पांढऱ्यात स्पष्ट दिसतो. मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा दहातले सहा ठसे टोच्या (फेसच्या दांड्यापासून लांबच्या टोकाच्या) बाजूला, दोन पार खालच्या कडेला, आणि मी वर्षभर ग्रिपला शिव्या घालत होतो! बॉल मधोमध लागला नाही की क्लबचं डोकं हातात किंचित वळतं आणि बॉलचा वेग तिथेच मार खातो, तुम्ही कितीही ताकद लावा. ठसे सगळे टोच्या बाजूला किंवा सगळे हीलकडे (दांड्याच्या बाजूला) असतील तर बॉलपासून तुम्ही लांब उभे आहात की जवळ ते आधी तपासा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. ठसे सगळीकडे विखुरलेले असतील तर मात्र जोर कमी करा, तीन चतुर्थांश स्विंगने मारा आणि बॉल जमिनीवर टेकेपर्यंत शेवटच्या पोझमध्ये तसेच उभे राहा. तोल जात असेल तर तो स्विंग तुमच्या आवाक्यातला नाही, सरळ हिशोब आहे.

दुसरं, क्लब जमिनीला कुठे लागतो. आयर्नने आधी बॉल, मग माती. गवतावर स्प्रेनेच एक रेघ मारा, टार्गेटच्या दिशेला आडवी, बॉल न ठेवता त्या रेघेवर दहा स्विंग करा आणि डिव्हॉट (क्लबने उखडलेल्या गवत-मातीचा खड्डा) कुठे सुरू होतो ते बघा. रेघेवर किंवा जरासा पुढे हवा. मागे सुरू होत असेल तर 125 कुठून येतात ते कळलं. हे मॅटवर (रेंजवरच्या नकली गवताच्या चटईवर) करून उपयोग नाही कारण मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला तरी घसरत पुढे येतो आणि शॉट बरा वाटतो, मॅट फार गोड बोलते. कोर्सवर तोच क्लब मातीत रुततो.

आणि डिव्हॉट मागे का पडतो? बहुतेक वेळा बॉल वर उचलायच्या नादात. वजन मागच्या पायावर राहतं, मनगटं बॉलच्या आधीच सुटतात. अहो, उचलायचं काम लॉफ्टचं (फेस मागे झुकलेला असतो त्या कोनाचं) आहे, ते त्याच्यावर सोडा. मनगटं लवकर सुटली की फेस जास्त उघडा होऊन वर बघतो, म्हणजे हातात सात असला तरी तुम्ही आठ किंवा नऊ मारताय, आणि पुढच्या शॉटला हात बॉलच्या पुढे राहिले की तोच क्लब सहासारखा जातो. बॉलची जागाही बघा, सात नंबरला दोन पायांच्या मधोमध किंवा बॉलभर पुढे, ती नकळत सरकत राहते म्हणून सराव करताना जमिनीवर एक क्लब आडवा ठेवून खूण करा.

ठसे कुठे पडले ते नक्की कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.

प्रश्न : माझा आणि मित्राचा स्विंग स्पीड मशीनवर जवळपास सारखाच येतो, तरी त्याचा सात नंबर माझ्यापेक्षा 15 यार्ड लांब जातो. माझा सेट जुना आहे, त्याचा नवीन. मी काय चुकतोय?

उत्तर : काहीच नाही. सात हा फक्त क्लबवर छापलेला आकडा आहे. जुन्या पद्धतीच्या सात नंबरला लॉफ्ट 34-35 डिग्री असायचा, आजच्या बऱ्याच सेटमध्ये 28 ते 30 असतो, म्हणजे तुमच्या मित्राचा सात हा तुमचा सहा किंवा साडेपाच आहे. तुम्ही फक्त तुमच्या दोन क्लबमधलं अंतर सारखं राहतंय का ते बघा, साधारण 10 ते 12 यार्ड. चहा पिताना मित्राला खुशाल जिंकू द्या.

प्रश्न : रेंजवर सगळं नीट, पण कोर्सवर रफमधून (कडेच्या वाढलेल्या गवतातून) सात नंबर कधीकधी ग्रीनच्या पार उडतो. असं का? आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) वापरला तर चालतो का?

उत्तर : याला फ्लायर म्हणतात. बॉल आणि फेसच्या मध्ये गवत, त्यातून ओलं असेल तर विचारूच नका, अडकतं आणि स्पिन कमी होतो. टूरवरच्या खेळाडूंचा सात नंबर मिनिटाला साधारण 7000 फेरे स्पिन देतो, त्यावरच बॉल वर चढतो आणि ग्रीनवर थांबतो. तो स्पिन गेला की बॉल सुसाट जातो आणि पडल्यावर पळत सुटतो. बॉल गवतात अर्धवट बसलेला दिसला तर एक क्लब कमी घ्या (सातऐवजी आठ) आणि ग्रीनच्या पुढच्या भागावर टाका. अगदी खोल रुतला असेल तर उलट होतं, तिथे वेज (जास्त लॉफ्टचा, कमी अंतराचा क्लब) घेऊन बाहेर काढा, हिरोगिरी नको. आणि रेंजवरचे वापरून झिजलेले बॉल बऱ्याचदा कमी जातात, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे कोर्सवर नेऊ नका.

रेंजफाइंडर 2019 च्या नियमांपासून चालतो, कमिटीने लोकल रूलने बंदी घातली नसेल तर. चढउताराचा हिशोब देणारं स्लोप फीचर मात्र स्पर्धेत बंद ठेवायचं, विसरलात आणि वापरलंत तर पेनल्टी आहे.