बढती मिळाली की नर्स पेशंटपासून लांब जाते का?

बऱ्याच अंशी जाते. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), मग परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज), पुढं सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढण असते. इन्चार्ज झालं की ड्युटी लावणं, औषधांचा साठा, इंडेंट (सामानाची मागणी), रजिस्टरं, यातच पाळी संपते. पेशंटशी बोलायला वेळ कुठला?

कोल्हापुरात वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर सांगते, हे नुकसान खरं आहे. राधानगरीकडची एक आजी डॉक्टरांना ‘बरं हाय’ एवढंच म्हणायची. एका सकाळी सलाईन बदलताना मला तिच्या डब्यातली भाकरी तशीच दिसली, हात गार आणि घामेजलेला. रक्तातली साखर तपासली तर ५४, म्हणजे फारच कमी! हे रजिस्टरात दिसत नाही, त्यासाठी खाटेजवळच उभं राहावं लागतं.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या नवखी ते निष्णात अशा ५ पायऱ्या मांडल्या. त्यात खुर्ची मोजलेली नाही, पेशंटजवळ मुरलेला अनुभव मोजलाय. आपल्याकडं बढती मात्र मुख्यतः सेवाज्येष्ठतेवर मिळते. माझ्या मते हे बदलायलाच हवं.

तुम्हाला पेशंटजवळ राहूनच वर जायचं असेल, तर बी.एस्सी. नर्सिंगनंतर क्रिटिकल केअरमधला (अतिदक्षता विभागातल्या पेशंटांसाठीचा) २ वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम बघा. आणि परिसेविका झालात तर पाळी बदलतानाचा चार्ज टेबलावर देऊ-घेऊ नका. प्रत्येक खाटेजवळ उभं राहून, पेशंटला नावानं हाक मारून घ्या.