वर्षात तिसऱ्यांदा लघवीला जळजळ होतेय. मेडिकलमधून गोळी घेतली की थांबते, पण परत होते. काय करावं?

पुढची गोळी तोंडात टाकण्याआधी लघवी कल्चरला द्या, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायच्या तपासणीला. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की रोज लोकलने जाऊन-येऊन नोकरी, दिवसभरात पाणी जेमतेम, दर वेळी मेडिकलवाल्याने दिलेल्या तीन-चार गोळ्या, दोन दिवसांत आराम आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. शिवाय साठी ओलांडलेल्या आईलाही अधूनमधून होतं. मी डॉक्टर नाही. सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं काम बघते, म्हणजे अशा तक्रारींच्या डब्या माझ्याच टेबलावर येतात. तेव्हा कुठलं औषध घ्यायचं ते मला विचारू नका. पण अंदाजाने गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत काय सापडतं, ते सांगू शकते.

आधी ही जळजळ इन्फेक्शनचीच आहे का, ते बघा. मे महिन्यात उन्हातून आल्यावर लघवी पिवळीजर्द होते आणि झोंबते, आपण उन्हाळी लागली म्हणतो ती. पोटात नीट पाणी गेलं की ती बहुतेक त्याच दिवशी ओसरते. इन्फेक्शन असं ऐकत नाही. जाऊन आलं तरी पाच मिनिटांत पुन्हा लागल्यासारखं वाटतं, गेलं तर चार थेंब, शेवटाला कळ, ओटीपोट जड, लघवी गढूळ किंवा लालसर. याउलट लघवी बाहेरच्या कातडीला लागली की झोंबतं, खाज आहे, अंगावरून दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जातंय, असं असेल तर दुखणं बहुधा योनीमार्गातल्या बुरशीचं असतं आणि अँटिबायोटिकने ते उलट वाढू शकतं. अशा कितीतरी जणी 'युरिन इन्फेक्शन' म्हणून चिठ्ठी घेऊन येतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. नुसता वास येतो म्हणून मात्र धास्तावू नका, पाणी कमी पडलं तरी वास येतो.

हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काही असेल तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले असण्याची शक्यता असते. तेव्हा धने-जिऱ्याचं पाणी पीत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दिवस राहिले असतील तर ताप येण्याचीही वाट बघू नका.

हे बायकांनाच जास्त का होतं याचं कारण साधं आहे. आपली मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर लांब, पुरुषांची त्याच्या चार-पाच पट. आणि जंतू बाहेरून कुठून येत नाही, आपल्याच आतड्यातला असतो. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनमध्ये चारातल्या तीन वेळा तरी ई. कोलाय नावाचा जंतू निघतो. त्याच्या अंगावर बारीक तंतू असतात, त्यांनी तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो. निम्म्याच्या आसपास बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतंच, तेव्हा यात स्वच्छता नसल्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

आता कल्चर. सकाळची पहिली लघवी द्या. आधी साध्या पाण्याने जागा धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत धरा, शेवटची पुन्हा सोडा. घरची डबी आणू नका. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली घेऊन येणाऱ्या अजून भेटतात आणि नाही म्हटलं की रागावतात. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. पर्समध्ये ठेवून आधी ऑफिसला आणि दुपारी लॅबला, असं केलंत तर उकाड्यात ई. कोलाय अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होत राहतो आणि रिपोर्टवरचा आकडा तुमचा राहत नाही. गोळी आधीच सुरू केली असेल तर लपवू नका, फॉर्मवर लिहा.

आम्ही त्या लघवीत एक बारीक लूप, म्हणजे तारेचं कडं, बुडवतो आणि हिरवट-निळ्या माध्यमाच्या, म्हणजे जंतूंच्या खाद्याच्या, प्लेटवर रेघा ओढतो. रात्रभर 37 अंशांना ठेवली की दुसऱ्या दिवशी ई. कोलायने ती प्लेट पिवळी केलेली असते. वसाहती मोजायच्या, मग तोच जंतू दुसऱ्या प्लेटवर पसरून त्यावर अँटिबायोटिकच्या छोट्या गोल चकत्या ठेवायच्या. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. जे चालत नाही त्याच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत जंतू उगवलेला असतो. नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकत्यांची ही अवस्था मी इतक्यांदा बघते की आता आश्चर्य वाटत नाही. आणि मेडिकलवाल्याच्या हाताला पहिल्या याच दोन लागतात! नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन, ही जुनी औषधं, पुष्कळदा अजून छान वर्तुळ दाखवतात. पण नायट्रोफ्युरँटॉइन फक्त मूत्राशयापुरतं, मूत्रपिंडातल्या इन्फेक्शनला ते पुरत नाही. म्हणून निवड डॉक्टरांचीच.

पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. त्रास खूप असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर हवं तर बदलतात, ते ठीकच आहे. फक्त दोन गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवू नका. जळजळीसाठी मिळणारं गोड सिरप लघवीची आम्लता कमी करतं, त्याने आराम पडतो, जंतू मरत नाही. तुमचे ते 'दोन दिवसांत बरं' काही वेळा एवढंच असू शकतं.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की डॉक्टर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन धरतात, म्हणजे तुम्ही त्यात आलात. इथून पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरॉलॉजिस्टला दाखवा, सोनोग्राफी लागेल की नाही ते ठरवतील. शुगर मात्र तपासूनच घ्या.

टाळण्याच्या उपायांत मला सगळ्यात जास्त भरवसा पाण्याचा वाटतो. 2018 साली एक अभ्यास छापून आला होता. वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 बायका, त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. एवढा फरक नुसत्या पाण्याने! (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आधी विचारा.)

पण पाणी प्यायचं तर जायचं कुठे, हा तुमचा खरा प्रश्न, आणि तो माझ्या सल्ल्याने सुटणारा नाही. मुंबईत 2011 पासून बायकांनी 'राइट टू पी'ची चळवळ चालवली ती याच्याचसाठी. स्वच्छतागृहांची सोय होईपर्यंत एवढं करा: निघायच्या आधी जा, ऑफिसात पोचल्या पोचल्या जा, आणि लागली नाही तरी तीन-चार तासांनी उठा. मीटिंग थांबते. सीटला टेकायची किळस म्हणून अधांतरी बसू नका, तसं बसलं की मूत्राशय नीट रिकामं होत नाही. सीटवरून हे इन्फेक्शन सहसा लागत नाही. टिश्यू घाला आणि नीट बसा.

शौचानंतर पुढून मागे धुवा. जेट स्प्रेचा फवारा मागून पुढे मारू नका. योनीमार्गासाठीचे सुगंधी वॉश घेऊ नका, तिथले चांगले जंतू त्याने मरतात, बाहेरून साधं पाणी पुरतं. संबंधानंतर लघवी करून या. याला पक्का पुरावा नाही, पण तोटाही नाही. शुक्राणुनाशक क्रीम किंवा ते लावलेले निरोध वापरत असाल तर ते बदलून बघा, त्यांनी धोका वाढतो हे नक्की आहे. क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी वारंवार होणाऱ्यांना थोडा फायदा होतो, झालेलं इन्फेक्शन मात्र त्यांनी बरं होत नाही. आणि दुकानातला क्रॅनबेरी ज्यूस म्हणजे बराचसा साखरपाणीच.

आईचं वेगळं आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक कमी होतं, योनीमार्ग कोरडा पडतो, तिथले रक्षण करणारे जंतू घटतात. तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम डॉक्टरांना विचारून वापरलं तर वारंवारता बरीच कमी होते. या वयाच्या बायका हे स्वतःहून डॉक्टरांपुढे काढत नाहीत, तुम्हीच काढा. आईला मधुमेह असेल आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा. तिने लघवीतून साखर जाते आणि बुरशीचा त्रास वाढतो. आणि काही त्रास नसताना नुसत्या रूटीन रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून आईला अँटिबायोटिक देण्याची घाई करू नका. त्रास नसताही उपचार लागतात ते मुख्यतः गरोदर बायकांना, नाहीतर लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तेव्हा.