कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात बारीक आणि जाड अशी दोन्ही मोहरी मिळते. दोन्हींत लोह, जस्त सारखंच असतं का?

नाही, सारखं असेलच असं नाही. पण दाण्याच्या जाडीवरून ते ओळखताही येत नाही. मुळांनी जमिनीतून लोह-जस्त किती ओढायचं आणि त्यातलं दाण्यापर्यंत किती पोहोचवायचं, हे बरंचसं वाणाच्या जनुकांत असतं. आपली नेहमीची मोहरी (ब्रासिका जुन्सिया) मुळात काळी मोहरी (ब्रासिका नायग्रा ही वेगळी जात) आणि ब्रासिका रापा (शलगमाची जात) यांच्या नैसर्गिक संकरातली, आणि तिच्या वाणावाणांत फरक भरपूर. मात्र तोच वाण जस्त कमी असलेल्या रानात पेरला तर दाण्यातलं जस्तही घटतं. सेलेनियम (मोहरीतलं आणखी एक खनिज) तर मुख्यतः जमिनीवरच अवलंबून. फोडणीसाठी विचारत असाल तर डोक्याला ताप नको: 100 ग्रॅम मोहरीत साधारण 9 मिलिग्रॅम लोह, आणि फोडणीत पडते जेमतेम 2 ग्रॅम.