आधी सेन्सर बघ

पोरी,

परवा जुळे सोलापुरातल्या त्या मोकळ्या प्लॉटवर तुझा तो आपला आपण चालणारा रोव्हर बघितला. सकाळी सातला नाकासमोर चालत होता, बाराच्या उन्हात डावीकडे ओढायला लागला. तू म्हणालीस, ‘सर, पीआयडीनं भागत नाही, एमपीसी लावते. गाइडनाही पेपरसाठी काहीतरी नवीन हवंय.’ मी गप्प बसलो, कारण तोंड उघडलं असतं तर ओरडलोच असतो.

पीआयडी काय, एमपीसी काय, दोन्ही चाकं वळवणारे कंट्रोलरच; दुसरा गणित जास्त करतो, एवढंच. कंट्रोलरला हात लावू नकोस. आधी सेन्सर बघ.

जायरो, म्हणजे गाडी किती वेगानं वळतेय ते मोजणारा सेन्सर, तापला की त्याचा बायस, म्हणजे निश्चल असतानाही दिसणारं खोटं वळण, सरकतो. सेकंदाला 0.02 अंश म्हणजे किरकोळ वाटतं ना? दहा मिनिटांत 12 अंश होतात, आणि त्या रोखानं 100 मीटर गेलीस की सुमारे 21 मीटर बाजूला. कंट्रोलर बिचारा सांगितलेली दिशा इमानानं धरून चालला होता, दिशाच खोटी. एमपीसी तीच खोटी दिशा जास्त गणित करून धरेल.

हे शहाणपण मला एमटेकचे आठ महिने घालवून आलं. गेन, म्हणजे कंट्रोलरनं किती जोरानं दुरुस्ती करायची ते आकडे, बदलून बदलून वही भरली, अजून आहे माझ्याकडे. मोटरची कंपनं 98 हर्ट्झची, आणि मी सॅम्पलिंग करत होतो, म्हणजे सेन्सर वाचत होतो, 100 हर्ट्झनं, सेकंदाला शंभर वेळा. इतक्या जवळच्या वेगानं वाचलं की दोन्हींतला फरकच दिसतो, म्हणून डेटात 2 हर्ट्झचं डोलणं दिसायचं. गाडी डोलत नसायची, पण कंट्रोलर ते डोलणं थांबवायला चाकं हलवायचा आणि मग ती खरोखर डोलायची! सॅम्पल घेतल्यावर असलं भूत कोडमधल्या फिल्टरनं ओळखता येत नाही. शेवटी सेन्सरखाली रबर घातलं, सॅम्पलिंग वाढवलं, आणि पहिल्या आठवड्यातलेच गेन चालले.

वडील पॉवरलूमवर जॉबर होते. माग बिघडला की पाना उचलायच्या आधी सांगाड्यावर तळहात टेकून उभे राहायचे. मालक शिव्या घालायचा, हे ढिम्म. मला तेव्हा त्यांची लाज वाटायची.

त्या आठ महिन्यांपायी पीएचडी हुकली. सर सोलापुरात अडकले, असं लोक म्हणतात. अडकलो नाही, राहिलो. असो, तो विषय नको.

तू वापरतेस तो कालमन फिल्टर, म्हणजे सेन्सरच्या गोंगाटातून खरी स्थिती अंदाजणारं गणित, 1960 सालचा. सेन्सरमध्ये गोंगाट किती, हे त्याला तू सांगायचं असतं. तू नेटवरचे आकडे चिकटवलेस, कोड पाहिलाय मी. डेव्हिड ॲलननी 1966 मध्ये अणुघड्याळांसाठी मांडलेली रीत जायरोलाही लागू पडते: सेन्सर निश्चल ठेवायचा, काही तास लॉग घ्यायचा, कमीजास्त काळाच्या सरासऱ्या किती हलतात त्याचा आलेख काढायचा. मग तेच उन्हात, तापमानाच्या नोंदीसकट. तुझ्या गाइडना हा आलेख दाखव. नव्या नावाचा हट्ट त्यानंतरही राहिला तर तुझं तू बघ.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. चाकं, मोटर, बॅटरी काही नको. आयएमयू, म्हणजे जायरो असलेला तो सेन्सर, आणि लॅपटॉप आण. रात्रभर देवघराच्या फरशीवर ठेवू, तिथं कुणी फिरकत नाही. पंखा मात्र बंद ठेवावा लागेल.