तुमच्या शंका: निकालानंतर १७-सी शोधणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ला लागला. पत्रं अजून येतात, आणि प्रश्न तेच.

प्र. बहुमताला किती जागा लागतात?

२८८ पैकी १४५.

प्र. संध्याकाळी पाचला मतदान ५८.२२ टक्के, अंतिम आकडा ६६.०५. मधली मतं आली कुठून?

पाचचा आकडा म्हणजे केंद्राकेंद्रांवरून तोंडी गोळा केलेला अंदाज. मतदान बहुतेक ठिकाणी सहापर्यंत होतं, आणि सहाला रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटून मत देऊ दिलं जातं. एवढ्याने सगळी वाढ जुळते का? राज्याचं मी इथे बसून सांगणार नाही. तुमच्या केंद्राचं सांगेन, पण कागद दाखवा. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष १७-सी, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशोबाचा फॉर्म, भरतो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या हजर असलेल्या प्रतिनिधींना देतो. किती मतं नोंदली गेली, कंट्रोल युनिटचा (मशीनच्या मतं साठवणाऱ्या भागाचा) क्रमांक कोणता, सगळं त्यात असतं. मोजणीच्या टेबलावर मशीनचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा असतो. माझ्याकडे लोक येतात ते मोबाइलमधले व्हिडिओ घेऊन. १७-सी मागितला की उत्तर ठरलेलं: "तो पोराकडे होता." एकाने आणला, तर चार घड्या घातलेला, आणि युनिटचा क्रमांक नेमका घडीवर घामाने पुसलेला! या कागदाविना कोर्टात काय दाखवणार? प्रती आधी गोळा करा, मग वकील गाठा.

प्र. नोटाची ("वरीलपैकी कोणी नाही") मतं अनामत वाचवताना धरतात का?

नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, आणि नोटा त्या बेरजेत नाही.

प्र. मालेगाव मध्यमध्ये १६२, साकोलीत २०८ मतांचा फरक. अशा ठिकाणी हरलेल्यांना आता फेरमोजणी मागता येईल?

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे नाही. ती निकाल जाहीर होण्याआधी, लेखी आणि कारणं देऊन मागायची असते. फरक कमी आहे, एवढं कारण पुरत नाही.

प्र. एक गृहस्थ पैसे घेऊन मशीन तपासून देतो म्हणतात.

दार दाखवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४च्या निकालाने ही सोय दिली ती दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निवडणुकीच्या निकालापासून सात दिवसांत, लेखी अर्जावर. दलालाला नाही.

प्र. निकालाला आव्हान देणारी निवडणूक याचिका करायची आहे, पक्षाच्या बैठकीनंतर ठरवू का?

मुदत निकालापासून ४५ दिवस, उच्च न्यायालयात. उशीर माफ होत नाही. २०२४ची ती केव्हाच संपली. पुढच्या वेळी मोजणीच्या संध्याकाळीच निवडणूक कायद्याचा वकील गाठा. बैठक नंतर घ्या.