गाडीचा सल्ला : कॅमशाफ्ट विकायचा, तर रॉकरसकट

प्रश्न : माझ्या 1999 च्या मारुती एस्टीमला मी हौसेने जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा, म्हणजेच कॅम), पोर्टिंग केलेले (आतले हवेचे मार्ग घासून मोठे केलेले) इंजिनचे हेड आणि स्टीलचा हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवला होता. क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या मैदानातल्या वेळेच्या शर्यतीत) तीन हंगाम गाडी पळवल्यावर आता मूळ भाग परत बसवले आहेत. उतरवलेला माल क्लबातल्याच मित्रांना विकायचा आहे. मागे विकलेल्या एका कॅमवरून मैत्री तुटता तुटता वाचली, म्हणून विचारतो : किंमत कशी ठरवावी आणि काय काय सांगावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मागच्या वेळी काय बिनसले, हे आपण लिहिलेले नाही, मात्र तो कॅम आपण एकटाच दिला असावा, अशी मला शंका आहे. कॅमचा लोब (उंचवटा) आणि त्यावर घासणारा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी भुजा) एकमेकांच्या सोबतीने झिजतात, त्यामुळे वापरलेला कॅम दुसऱ्याच्या जुन्या रॉकरवर बसवला की चांगल्या लोबवरही थोड्याच दिवसांत ओरखडे दिसू लागतात आणि दोष विकणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून रॉकर सोबतच द्यावेत आणि कोणता रॉकर कोणत्या लोबवर चालला, हे उतरवतानाच प्रत्येकाला चिठ्ठी बांधून नोंदवावे. आता ते एका डब्यात एकत्र झाले असतील, तर तसे स्पष्ट सांगून किंमत उतरवावी.

‘फक्त दोन हजार किलोमीटर चाललाय’ या वाक्याला जाणकार गिऱ्हाईक फारशी किंमत देत नाही. त्याऐवजी प्रत्येक लोबची उंची मायक्रोमीटरने मोजून कागदावर लिहून द्यावी. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवावी, पट्टीखालून 0.05 मिमीचे फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) कुठेही सरकत असेल, तर फेसिंगचा (पृष्ठभाग घासून सपाट करण्याचा) खर्च घेणारा किमतीतून वजा करणार, हे गृहीत धरावे. याआधी फेसिंग झाले असल्यास तेही लपवू नये, कारण त्यामुळे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढलेले असते. पोर्टिंगला मोजलेली मजुरी मात्र परत मिळण्याची आशा सोडावी. ती आपली हौस होती. हेडर विकताना फ्लँजच्या (इंजिनला बोल्टने जोडणाऱ्या पट्टीच्या) वेल्डजवळ केसासारखी भेग नाही ना, एवढे पाहिले तरी पुरे.

घेणारा हे भाग रस्त्यावरच्या गाडीत बसवणार असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, याची त्याला आधीच कल्पना द्यावी.

व्यवहार दिवाळीपर्यंत लांबणार असेल, तर कोल्हापूरच्या पावसात कॅम नुसता वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये. इंजिन ऑइलचा जाड हात फिरवून तो प्लास्टिकमध्ये बांधावा आणि शक्यतो उभा ठेवावा.